आठ लूम आणि एक धबधबा

सबीहाने चहाचा कप टेबलावर ठेवला आणि तो नेहमीप्रमाणे चालायला लागला. तळमजल्यावर कापड विणणारे आठ लूम धडधडत होते आणि त्यांच्या हादऱ्याने वरच्या मजल्यावरची प्रत्येक हलकी वस्तू कडेकडे सरकत असे. या घरात कप घडी घातलेल्या फडक्यावर ठेवायचा असतो, हे सबीहाला लग्नात आलेला अर्धा टी-सेट फुटल्यावर कळलं होतं. आज ती रागात होती, म्हणून विसरली. इमादने न बघताच हात पुढे केला आणि कडेवर पोचलेला कप झेलला. भिवंडीत जन्मलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

“इमाद, मी शेवटचं विचारतेय!” ती ओरडली. भांडण होतं म्हणून नव्हे, या घरात मीठ मागायचं असलं तरी ओरडावंच लागे. “खालची जागा माझ्या क्लिनिकला मिळणार की नाही?”

“अब्बांना विचार!” इमाद ओरडला.

“तुझं काय मत आहे?”

“माझं मत अब्बांना विचार!”

लग्नापासून इमादचं हेच धोरण होतं. बायकोच्या बाजूने बोललं तर दिवसा त्रास, बापाच्या बाजूने बोललं तर रात्री त्रास. त्यामुळे तो कोणाच्याच बाजूने बोलत नसे आणि दोघांच्याही शिव्या खात असे.

सबीहा म्हसळ्याची. तिच्या माहेरी मागच्या वाडीत नारळ पडला तरी सगळं घर जागं व्हायचं. दातांची डॉक्टर होऊन ती भिवंडीत नांदायला आली आणि पहिल्याच सकाळी लालबुंद डोळ्यांनी सासऱ्यांसमोर उभी राहिली. “अब्बा, रात्रभर झोप नाही लागली. किती आवाज आहे हो!” यूनुस सेठ पान लावत होते. त्यांनी मान वर केली, सुनेकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाले, “होईल सवय.” त्या दोन शब्दांचा सबीहाला आजतागायत राग होता. ती जवळच्या कोन गावात दुसऱ्याच्या दवाखान्यात दुसऱ्याच्या खुर्चीवर दात उपटायची, आणि घरी यायची ती या खटखटाटात. तिच्या दृष्टीने खालचे आठ लूम हटले की दोन्ही दुखणी एकदमच बरी होणार होती.

त्या दिवशी बोलण्याला तोंड फुटलं ते रामनाथकाकांमुळे. रामनाथ म्हणजे भिवंडीजवळच्या राहनाळ गावचे गोडाऊनवाले, यूनुस सेठचे शाळेतले दोस्त. भाताची शेती गेली, तिथे पत्र्याची गोडाऊनं आली आणि तेव्हापासून त्यांना काम असं काही उरलं नव्हतं. रोज संध्याकाळी ते सोन्याच्या साखळीसकट यूनुस सेठकडे चहाला येत आणि घरातल्या कुठल्याही भांडणात, कोणी बोलावलं नसलं तरी, पंच होत.

“काय बिनसलंय, सूनबाई?” त्यांनी विचारलं. “अब्बा, खरं बोलू का?” सबीहा सासऱ्यांना म्हणाली. “हे लूम चालून चहाच्या पत्तीचे पैसेसुद्धा सुटत नाहीत. तुम्ही ते धंद्यासाठी चालवतच नाही. तुम्हाला त्यांच्याशिवाय झोप येत नाही, म्हणून चालवता. आठ लूमची अंगाई लागते तुम्हाला!”

यूनुस सेठ पानासकट थबकले. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी इतकं खरं बोललं नव्हतं.

“मी? झोपेसाठी लूम चालवतो?” ते कडाडले. “लूम म्हंजे बरकत हाय! माझ्या बावानं लावलेत. आन् झोपेचं म्हनशील तर मला कुठंपन झोप येते. कबरस्तानात नेऊन टाक, तिथंपन घोरेन!”

“तिथं तर सगळीच झोपतात,” रामनाथ म्हणाले.

“मग होऊन जाऊ दे,” सबीहाने मुद्दा सोडला नाही. “एक रात्र शांत जागेत झोपून दाखवा. झोप लागली तर मी क्लिनिकचं नाव काढणार नाही. नाही लागली, तर लूम भंगारात.”

“कबूल!”

रामनाथकाकांचे डोळे चमकले. त्यांना कित्येक दिवस भंडारदऱ्याला जायचं होतं. धरणाच्या पाण्याच्या कडेने चालत चालत धबधबे बघत फिरायचं, हे खूळ सगळ्या राहनाळमध्ये पसरलं होतं. “अरं, माझ्या गोडाऊनचा वॉचमन जाऊन आला. फोटू टाकलाय त्यानं, धबधब्याखाली हात पसरून. आन् मालक बसलाय हितं चाय पीत. तिथं तळ्याच्या काठाला तंबूत राहायचं, शांत म्हंजे एकदम शांत. शुक्रवारी रात्री झोपायचं, शनिवारी धबधबे करायचे. गाडी माझी, पंच मी.”

शुक्रवार सगळ्यांनाच सोयीचा होता. शुक्रवारी भिवंडीतल्या लूमना सुट्टी असते. या घरात सगळ्यात मोठी भांडणंही शुक्रवारीच होत. दुपारी बिर्याणी जेवून सगळे आडवे होत, कोणालाच झोप लागत नसे, आणि मग एकमेकांवर डाफरत बसत. दोष बिर्याणीतल्या तुपाला दिला जाई. या गोष्टीचा आणखी काही अर्थ असेल असं सबीहाला कधी वाटलं नव्हतं.

जुम्म्याची नमाज झाल्यावर गाडी निघाली. इमाद मागे राहिला. “शनिवारी लूम कोण बघणार?” असं त्याने कारण दिलं; खरं कारण निकालाच्या वेळी हजर राहण्याची भीती हे होतं. गाडीत रामनाथ, यूनुस सेठ, त्यांची बेगम सईदा आणि सबीहा. सईदा म्हणजे अतिशय गोड बाई. कोणी काही बोललं की हसून मान हलवायची, कोणाशी वाद नाही, कोणाला उलट उत्तर नाही. “अशी सासू मिळायला नशीब लागतं,” असं सबीहाच्या माहेरचे म्हणत आणि सबीहालाही ते पटे. रामनाथकाकांनी दोस्ताला ट्रेकिंगचे बूट भेट दिले होते, तांबड्या नाडीचे. ते एक नंबर लहान होते, पण भेटीच्या वस्तूला नावं ठेवू नयेत म्हणून यूनुस सेठ कसारा घाटापर्यंत ओठ दाबून बसले.

तळ्याकाठच्या कॅम्पचा मालक अनंता म्हणून एक तरतरीत माणूस होता. त्याने सगळ्यांना चहा दिला आणि आल्या आल्या नियम सांगितला. “एकच विनंती हाये पाव्हनं. हितं मोठ्यानं बोलायचं न्हाई. लोक शांततेसाठी येत्यात. हळू बोला, निसर्ग ऐका.”

“काय?” यूनुस सेठ ओरडले. झाडावरचे दोन बगळे उडाले.

“हळू बोला!” रामनाथ ओरडले.

यूनुस सेठनी हळू बोलण्याचा प्रयत्न केला. साठ वर्षांत प्रथमच करत असल्यामुळे त्यांच्या तोंडून आधी नुसती हवा आली. मग हळूहळू जमलं. सईदा शेजारी बसून हसून मान हलवत होती.

जेवण झालं, सगळे तंबूत शिरले. इकडे सासू-सून, तिकडे दोघे दोस्त. सबीहा अंथरुणावर पडली आणि तिने सुटकेचा श्वास सोडला. वाहवा! काय ही शांतता! पाऊस थांबलेला, वारा पडलेला, बेडूकसुद्धा थोडा वेळ ओरडून गप्प बसलेले. याच शांततेसाठी तिने आजवर किती दुआ मागितल्या होत्या! तिने डोळे मिटले आणि झोपेची वाट पाहू लागली. झोप आली नाही. तिने कूस बदलली. मग उशी बदलली. शांतता कानात बोट घालून बसल्यासारखी वाटत होती. कानात आपल्याच रक्ताचा आवाज येतो हे तिने कॉलेजात वाचलं होतं, ते आज अनुभवलं. शेजारी सासूबाई लहान मुलासारख्या झोपल्या होत्या.

शेजारच्या तंबूची चेन सर्रकन उघडली. यूनुस सेठ बाहेर आले, फेऱ्या मारल्या, आत गेले. थोड्या वेळाने पुन्हा चेन. पुन्हा फेऱ्या. आतून रामनाथकाकांचं एखाद्या लूमसारखं घोरणं येत होतं आणि त्यावर सासऱ्यांचा वैतागलेला पुटपुटाट, “एका लूमनं काय व्हनार!” सबीहाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जिंकले! पहाटेपर्यंत तिने चेन मोजली नाही, पण एकही चुकवली नाही. तळमजल्यावर खुर्ची कुठे, एक्स-रेचं मशीन कुठे आणि पाटी कुठे, हे सगळं तिने त्या रात्री मनातल्या मनात लावून टाकलं.

सकाळी पोह्यांच्या ताटल्या घेऊन सगळे बसले. यूनुस सेठचे डोळे गुंजेसारखे लाल झाले होते. रामनाथकाका ताजेतवाने होते. त्यांनी घसा खाकरला. “हां, बोला यूनुस सेठ. झोपलास का न्हाय?”

“मस्त!” यूनुस सेठ म्हणाले. “डोका टेकवला तो सकालीच डोला उघडला.”

“अब्बा, खोटं बोलताय!” सबीहा उसळली. “रात्रभर फेऱ्या मारत होतात तुम्ही. तंबूची चेन सारखी...”

ती एकदम थांबली. पंच तिच्याकडे बघत होते.

“रातभर?” रामनाथकाकांनी शांतपणे विचारलं. “तुला कसं म्हाईत, सूनबाई? तू जागी व्हतीस काय रातभर?”

सबीहाने पोह्यांचा घास ताटलीत परत ठेवला. तिच्या आवडत्या शांततेत ती स्वतःच टक्क जागी होती, हे कोणत्या तोंडाने सांगणार? तीन वर्षं ‘आवाजाने झोप लागत नाही’ म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, त्याचं काय? यूनुस सेठही ताटलीवरून तिच्याकडे बघत होते. त्यांच्या तांबड्या डोळ्यांनी तिचे तांबडे डोळे पाहिले, आणि दोघांनाही सगळं समजलं. पण समजलं तरी दोघांनाही बोलायची सोय नव्हती.

“नाही, म्हणजे... मीपण मस्त झोपले,” सबीहा म्हणाली. “मला तसं स्वप्न पडलं असेल.”

“मग ठरलं!” रामनाथकाकांनी मांडीवर थाप मारली. “लूम ऱ्हानार. क्लिनिकचा विषय बंद.”

सबीहाची पाटी, खुर्ची आणि एक्स-रेचं मशीन एका वाक्यात तळ्याच्या पाण्यात गेलं. आणि बुडवलं कोणी? तिनेच. तिला इतकं रडू आलं की तिने मिरची लागल्याचं सोंग केलं. सईदाने हसून मान हलवली आणि तिच्या ताटलीत आणखी पोहे वाढले.

मग वरात धबधब्यांकडे निघाली. तळ्याच्या कडेने पायवाट होती, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ओला डोंगर आणि मध्ये चिखल. पुढे अनंता, त्याच्यामागे फोटो काढत रामनाथकाका. रस्त्यात पाण्याची बारीकशी धार दिसली तरी ते तिला धबधबा म्हणत आणि हात पसरून उभे राहत. त्यांच्यामागे सईदा पदर खोचून निवांत चालत होती. सगळ्यात मागे सासरे आणि सून. दोघांचीही झोपेने पावलं अडखळत होती आणि दोघेही एकमेकांना आपण किती ताजे आहोत ते दाखवत होते.

“दमलात का अब्बा?”

“मी? मी तर अजून घोटीपरयंत चालंन. तूच झाडाला धडकलीस आत्ता.”

“झाड बघत होते मी. छान आहे झाड.”

मोठ्या धबधब्याच्या अलीकडे वळणावर कणसं भाजून देणारी टपरी होती. तिथे सईदा बाकड्यावर बसली. रामनाथकाकांनी कणसं सांगितली. सबीहा रेंज शोधायला टेकाडावर गेली. नवऱ्याला फोन करून आपण हरल्याचा राग त्याच्यावर काढायचा होता. फोन लागला नाही, त्यामुळे राग तसाच घेऊन ती खाली आली, तर सासरे दिसेनात.

“अम्मी, अब्बा कुठे गेले?”

सईदाने हसून मान हलवली. “हां हां. मस्त हाय.”

“काही सांगून गेले का?”

“हां हां.”

“काय सांगितलं?”

“मस्त हाय,” सईदा म्हणाली.

सबीहा पुढे गेली आणि ओढ्याच्या काठावर तिला तांबड्या नाडीचे बूट दिसले. दोन्ही नीट जोडून ठेवलेले. शेजारी सासऱ्यांची पांढरी टोपी. पलीकडे फेसाळणारं पाणी. यूनुस सेठचा पत्ता नाही.

सगळं भांडण, लूम, क्लिनिक, सगळं विसरून ती ओरडली, “अब्बा!” भिवंडीत तीन वर्षं तापवलेला आवाज होता तो, पण धबधब्यापुढे त्याचं काही चाललं नाही.

रामनाथकाका कणीस हातात घेऊन धावत आले. बूट पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. “आयला... मी दिलेले बूट,” एवढंच ते म्हणाले. अनंताने वेळ घालवला नाही. त्याने टेकाडावरच्या एका ठरावीक दगडावर चढून गावात फोन लावला आणि दोर, टायरच्या फुगवलेल्या ट्यूबा आणि माणसं मागवली. त्याच दगडावर मग रामनाथकाका चढले आणि इमादला फोन लावला. इथून प्रकरण हाताबाहेर गेलं.

वाईट बातमी हळूहळू सांगावी, असं रामनाथकाकांनी ऐकलं होतं. म्हणून त्यांनी सुरुवात केली, “इमाद, तू घाबरू नको.”

ज्याला कोणी ‘घाबरू नको’ म्हणून फोन करतं, त्याला पुढचं ऐकायची गरज उरत नाही. “अब्बांना काय झालं?” इमाद ओरडला.

“अजून कायच न्हाय. खाली बूट सापडलेत. तू फक्त...” आणि रेंज गेली.

इकडे सबीहा ओढ्याच्या कडेने वर धबधब्याकडे निघाली. “सूनबाई, थांब!” असं रामनाथ म्हणाले असतील, पण ते कोणाला ऐकू येणार! खडकाला धरत धरत ती धबधब्याच्या बाजूला आली. तिथे कड्याच्या पोटात एक कोरडी कपार होती. पाणी समोरून पडद्यासारखं कोसळत होतं, आत थेंब येत नव्हता. आणि कपारीत, अंगातलं जाकीट काढून त्याची उशी करून, तोंड उघडं टाकून, यूनुस सेठ घोरत पडले होते.

सबीहाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. या माणसावर आपला इतका जीव आहे हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तिने जाकिटाची बाही सारखी केली, त्यांच्या गालावरची माशी उडवली. मग डोळे पुसले आणि तिच्यातली डॉक्टरीणबाई जागी झाली. अरेच्चा! हा तर पुरावा! रात्री झोपलेला माणूस सकाळी असा मेल्यासारखा झोपतो का? रामनाथकाकांना इथे आणून उभं करायचं, की निकाल फिरलाच.

ती हाका मारणार होती. पण हाक मारून उपयोग नव्हता, आणि परत खाली जाण्याआधी दम घेणं भाग होतं. फक्त दोन मिनिटं, असं म्हणून ती खडकाला टेकून बसली. पाणी एका लयीत कोसळत होतं, धडधड धडधड. टेकलेला खडक बारीक थरथरत होता. ही थरथर ओळखीची होती. रोज रात्री पलंगाच्या लाकडातून तिच्या पाठीला हीच लागायची. किती दुष्ट आवाज आहे हा, असं काहीतरी ती मनात म्हणत होती, पण ते वाक्य पुरं झालं नाही.

जाग आली तेव्हा कोणीतरी तिला हलवत होतं. समोर अनंता होता. त्याच्यामागे दोर घेतलेली आठ-दहा माणसं, ट्यूबा, कणीसवाला, फोन वर धरून शूटिंग करणारे चार पर्यटक आणि सगळ्यात पुढे रामनाथकाका. त्यांच्या हातात अजून तेच अर्धं कणीस होतं. बाजूला यूनुस सेठ डोळे चोळत उठून बसले होते आणि एवढे लोक आपल्याला बघायला का आले, ते त्यांना कळत नव्हतं.

दोघांना ओढत टपरीवर आणलं गेलं. आवाजापासून दूर आल्यावर रामनाथकाका पहिल्यांदा बोलले. “हरामखोरा! सांगून जायला तोंड न्हवतं का तुला?”

“सांगितला की!” यूनुस सेठ म्हणाले. “बूट चावत व्हते, ते काढले. सईदाला बोललो, मी वर जाऊन जरा पडतो. ती हां बोलली.”

“भाभी, तुमाला सांगितला ह्यानं?”

सईदाने हसून मान हलवली.

“मग सूनबाईला का न्हाय बोललात?”

सईदाने पुन्हा हसून मान हलवली.

सबीहा सासूच्या पाठीमागे उभी होती. तिने नेहमीच्या, माणसासारख्या आवाजात म्हटलं, “अम्मी, तुमचा पदर पेटलाय.” सईदा समोर बघून हसतच होती. सबीहाने तेच घरच्यासारखं ओरडून म्हटलं, तशी सईदा दचकून उठली आणि पदर झटकू लागली.

यूनुस सेठ खाली बसले. लूमच्या वर इतकी वर्षं काढलेली ही बाई केव्हापासून बहिरी होत गेली, हे कोणालाच कळलं नव्हतं, कारण त्या घरात सगळेच ओरडून बोलत. काल अनंताने सगळ्यांना हळू बोलायला लावलं आणि तिच्या वाट्याला फक्त हलणारी तोंडं आली. तिने आपली सगळ्यांना मान हलवली. सबीहाला स्वतःची लाज वाटली. रोज लोकांच्या तोंडात टॉर्च मारून बघणारी डॉक्टर, आणि घरातला कान दिसला नाही. ती सासूच्या कुशीत शिरली आणि रडली.

“काय झाला? कोन मेला?” सईदाने विचारलं.

“कोनी न्हाय!” यूनुस सेठ ओरडले. मग ते तिच्या हातावर हात ठेवून बसले.

सगळे चहा पिऊन सावरल्यावर रामनाथकाकांना आपलं पंचपण आठवलं. त्यांनी एकदा दोस्ताकडे आणि एकदा सुनेकडे बघितलं. “म्हंजे राती तुमी दोघं टकाटका जागे व्हतात. आन् सकाली दोघांनी पन माझ्या तोंडावर खोटा बोललात. पंचाच्या!”

दोघांनी माना खाली घातल्या.

“राहनाळला दोन सख्खे भाव खोटे बोलायला लागले का आमी जमिनीचं काय करतो, म्हाईत हाय? मधोमध दोरी मारतो. चार लूम ऱ्हातील. चार जातील, तिथं सूनबाईचा दवाखाना. मधी भिंत. उठा आता, मला भूक लागली.”

परतीच्या वाटेवर यूनुस सेठ आणि सबीहा दोघेही गाडीत जागे होते, कारण गाडी नवी होती आणि अजिबात आवाज करत नव्हती. इमादला फोन लावावा असं सगळ्यांच्याच मनात आलं, पण रामनाथकाकांचा फोन चार्जिंग संपून बंद, सबीहाचा धबधब्याकडे चढताना भिजलेला, आणि यूनुस सेठ फोन लूमपाशीच ठेवून आलेले. “काय घाई हाय?” ते म्हणाले. “चाललोच हाय ना घरी.”

गल्लीच्या तोंडाशी गाडी आली तेव्हा आत जायला जागा नव्हती. घरासमोर मांडववाल्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आख्खा मोहल्ला लोटला होता. राहनाळहून रामनाथकाकांची भावकी दोन टेम्पो भरून आली होती. मध्यभागी इमाद डोकं धरून बसला होता आणि त्याला लोक पाणी पाजत होते. अर्ध्या फोनवर त्याने पूर्ण बाप गमावला होता, आणि त्यानंतर कुठल्याशा पर्यटकाच्या व्हिडिओत त्याला स्वतःची बायकोही खडकावर निपचित पडलेली दिसली होती. भंडारदऱ्याला निघालेल्या गाड्यांत डिझेल भरणं चालू होतं.

यूनुस सेठ अनवाणी उतरले. लोक उठून उभे राहिले, काहींनी अल्लाहचं नाव घेतलं, इमादने हंबरडा फोडून बापाला मिठी मारली. यूनुस सेठनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यांच्या लक्षात काहीतरी आलं. त्यांनी त्याला दूर केलं आणि कान टवकारले.

“लूम कुनी बंद केले?” ते गरजले. “आज काय शुक्रवार हाय?”

तीन महिन्यांत मधली भिंत उभी राहिली आणि चार लूम गेले. ते टेम्पोत चढत असताना यूनुस सेठ राहनाळला रामनाथकडे जाऊन बसले, परतले ते अंधार पडल्यावर. भिंतीच्या अलीकडे सबीहाची पाटी लागली. इमादने क्लिनिकचं उद्घाटन होईपर्यंत कोणतंही मत दिलं नाही.

दवाखाना चालेल की नाही, याची सबीहाला धास्ती होती. पण पहिल्याच आठवड्यात पेशंटची रांग लागली. भिंतीपलीकडे चार लूम धडधडत असत, त्यामुळे खुर्चीवर बसलेल्याला दात कोरायच्या मशीनची कर्र ऐकूच येत नसे, आणि तो ओरडला तरी बाहेर बसलेल्यांना कळत नसे. ‘त्या डॉक्टरीणबाईंकडे अजिबात दुखत नाही’ असं नाव कोनपासून वज्रेश्वरीपर्यंत पसरलं. शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून शुक्रवारी तिने दवाखानाही बंद ठेवला.

पहिल्या कमाईतून सबीहाने सासूसाठी कानाचं मशीन आणलं. सगळं घर गोळा झालं. रामनाथकाका होतेच. सबीहाने सईदाच्या कानामागे ते बारीक यंत्र नीट बसवलं, बटण दाबलं आणि सगळे श्वास रोखून बघू लागले. सईदाचे डोळे विस्फारले. तिने आधी जमिनीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग टेबलावर कडेकडे सरकणाऱ्या कपाकडे. तिने दोन्ही हात कानांवर ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या माणसांवर भडकली.

“या अल्लाह! काय आवाज हा! मानसं ऱ्हातात का भुतं? बंद करा ते लूम आधी, मी झोपू कशी?”

यूनुस सेठनी आशेने सुनेकडे पाहिलं. सबीहाने सरकत आलेला कप न बघताच झेलला, फडक्यावर ठेवला आणि सासूकडे प्रेमाने पाहिलं.

“होईल सवय,” ती म्हणाली.